कुठवर

चष्मेवाल्यानं चष्मा हातात घेतला, नाकावर टेकणाऱ्या दोन्ही छोट्या चकत्या अंगठ्यानं दाबून पाहिल्या, मग मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे चष्म्यानं झालेलं नाही."

"चष्म्यानंच झालंय. घासतो तो. म्हणून तर आणलाय तुमच्याकडे."

"घासला असता तर दोन्हीकडे घासला असता. चकत्या दोन आहेत ना? उजव्या बाजूला तुम्हाला साधा वळसुद्धा नाही."

एवढं बोलून त्यानं काचा पुसल्या, चष्मा परत दिला आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ती रस्त्यावर आली तेव्हा चष्मा हातातच होता, आणि समोरची दुकानं, माणसं, सिग्नलचे दिवे सगळं कडा सुटल्यासारखं एकमेकांत मिसळलं होतं. वर्षभर तिनं त्या डागाचं खापर कुणाकुणावर फोडलं होतं. आधी तलावातल्या क्लोरीनवर, मग नव्या साबणावर, मग वयावर आणि शेवटी चष्म्यावर, कारण चष्मा बिचारा उलट बोलत नव्हता. डाव्या डोळ्याचा आतला कोपरा आणि नाक यांच्या मधल्या खोबणीत मसुराएवढा डाग. कधी खपली धरायचा, कधी चकाकायचा, तोंड पुसलं की टॉवेलवर रक्ताचा ठिपका उमटायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा खपली. दुखत नव्हता, आणि जे दुखत नाही ते तिच्या लेखी दुखणं नव्हतं. एकतीस वर्षं ती उघड्या तलावाच्या काठावर उभी राहून मुलांना पोहायला शिकवत आली होती. मुलं तिला पाठीमागे 'शिट्टी' म्हणायची, आणि ते तिला ठाऊक आहे हे मुलांनाही ठाऊक होतं. डोक्यावर टोपी असायचीच. पण टोपी वरच्या उन्हापुरती. पाणी ऊन खालून फेकतं, हनुवटीखालून, थेट टोपीच्या आत, हे एवढ्या वर्षांत तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आत्ता भर रस्त्यात, लोकांचे खांदे लागत असताना आलं. मात्र कुठल्या आजाराचं नाव तिच्या मनात आलं नाही. आली ती एक बॅटरी. लांब, पत्र्याची, दोन सेलची, बटण अडकलं की मांडीवर आपटावी लागणारी. आणि तिच्यामागून अप्पांचा आवाज, "बघ गं, कुठवर गेलंय?"

अप्पा पुलांना रंग द्यायचे. झुल्यावर बसून लोखंड खरवडायचं, गंज काढायचा, वर लाल रंग, त्यावर राखाडी. पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा गंजलेलं असायचं, म्हणून त्यांची नोकरी कधी संपली नाही. सगळा जन्म उन्हात गेला. ती अकरा वर्षांची असताना त्यांच्या डाव्या कानापुढे एक फोड आला आणि बरा व्हायचं नावच घेईना. डॉक्टरांनी तो कापला. सगळं निघालं, म्हणाले. वर्षभरानं टाक्यांच्या शेजारी पुन्हा आला. पुन्हा कापलं, पुन्हा सगळं निघालं. सहा वर्षांत चार वेळा. प्रत्येक वेळी अप्पा दवाखान्यातून थोडेसे कमी होऊन परत आले. आधी गालाचा तुकडा, मग कानाची पाळी, मग अर्धा कान, मग डोळ्याची पापणी खाली ओढली गेली ती तशीच राहिली. घरात ते डावी बाजू भिंतीला लावून बसू लागले. आई शिवणकामातून मान वर करत नसे. संध्याकाळी पट्टी बदलायचं काम तिचं. पट्टी निघाली की अप्पा तिच्या हातात बॅटरी द्यायचे, मान उजव्या खांद्यावर टाकायचे आणि विचारायचे. आणि ती बॅटरी मारून, डोळे बारीक करून, त्या लाल कातडीच्या काठाकाठानं बघत जायची. कुठे काय संपतं आणि कुठे काय सुरू होतं, काही कळायचं नाही. कातडी ती कातडी. "तेवढंच आहे, अप्पा," ती म्हणायची. रोज. मग अप्पा मान सरळ करायचे आणि चहा प्यायचे.

चष्मेवाल्याच्या त्या वाक्यानंतर जे व्हायचं ते रीतीप्रमाणे झालं. त्वचेच्या डॉक्टरांनी कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला, आठवड्यानं उत्तर आलं. कॅन्सर. सर्जन मोठे शांत गृहस्थ होते, बोलताना टेबलावरची टाचणी इकडची तिकडे करायचे. "ही जात सहसा जिवावर उठत नाही," ते म्हणाले. "पण कातडीच्या खालून पसरते. वरून दिसतो त्यापेक्षा आत कितीतरी मोठा असू शकतो. आणि तुमचा नेमका अशा जागी बसलाय की तिथून अर्ध्या सेंटिमीटरवर अश्रूंची नळी आहे. डोळ्यातलं पाणी तिच्यातून नाकात उतरतं."

"नाकात?"

"नाकात, तिथून घशात. रोज, सगळ्यांचं. ती कापावी लागली तर डोळा जन्मभर गळत राहील. पापणी कापावी लागली तर..." त्यांनी टाचणी ठेवून दिली. "म्हणून कापायच्या आधी कुठवर गेलंय ते बघून घेऊ."

जन्म पाण्यात घालवला आणि स्वतःच्या डोळ्यातलं पाणी कुठे जातं याचा पत्ता नव्हता, याचं तिला हसू यायला हवं होतं. पण ती त्या शेवटच्या वाक्यालाच अडखळली. "बघून म्हणजे? न कापता? बघता येतं?"

"येतं," सर्जन म्हणाले.

ठरलेल्या दिवशी सकाळीच ती धाकट्या भावाबरोबर गेली. आधी कातडीच्या आतली चित्रं काढायची, दुपारी ऑपरेशन. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा, हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये शिरल्या शिरल्या कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "दोर कुरकुरतोय हिचा. ताई, परत येताना जिन्यानं येऊ." एरवी ती हसली असती. त्यालाही ते कळलं, आणि तो तिची पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिला. चित्रांची खोली लहान होती, पडदे ओढलेले, मधोमध दंतवैद्याकडे असते तशी खुर्ची, शेजारी पडदा आणि एका लवचिक दांड्याला लावलेलं मुठीएवढं यंत्र. तिथल्या डॉक्टर पन्नाशीच्या, बुटक्या, पायांत मऊ सपाता घातलेल्या. "इथे मी दिवसभर उभी असते," त्यांनी सपातांकडे बोट दाखवून सांगितलं, "त्यामुळे थाटमाट नाही. तुम्ही फक्त हलायचं नाही. यंत्रातून कातडीवर मंद उजेड पडतो, तो आतल्या पेशींवरून परत येतो, त्याचं चित्र होतं. दुखत नाही. पण तुम्ही श्वास जोरात घेतलात तर चित्र पळतं. चाळीस मिनिटं जमेल?"

"श्वासाचं मला सांगू नका," ती म्हणाली. "मी तेच शिकवते."

डॉक्टरांनी डागाच्या भोवती, बरंच लांब, केसासारख्या बारीक कागदी पट्ट्या चिकटवल्या. पडद्यावर त्या काळ्या रेघा दिसतील आणि त्यावरून आपण नेमके कुठे आहोत ते कळेल, म्हणाल्या. मग तेलाचा एक थेंब, आणि यंत्राचं गार तोंड नाकाच्या कडेला टेकलं. डोळ्याच्या इतक्या जवळ की डावी पापणी आपोआप मिटली. उजव्या डोळ्यानं तिला पडदा दिसत होता, तो डॉक्टरांनी मुद्दाम तिच्याकडे, चष्म्याशिवाय दिसेल इतका जवळ वळवला होता. आधी नुसता राखाडी धूर. मग डॉक्टरांनी कुठलंसं चाक बोटभर फिरवलं आणि धूर बसला, आणि त्याच्या जागी एक जाळी उभी राहिली. एकाला एक लागून घरं, सारखी, नेटकी, उजळ भिंतींची, मधमाश्यांनी बांधावीत तशी, पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. "ही तुमची निरोगी कातडी," डॉक्टर म्हणाल्या. "गालावरची. इथून सुरुवात करू, म्हणजे चांगलं कसं दिसतं ते डोळ्यांत बसेल." हीच ती कातडी, जिला आपण खरखरीत टॉवेलनं पुसलं, क्लोरीनमध्ये बुडवलं, उन्हात वाळवलं, आरशात जिच्याकडे कधी धड बघितलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिट्टी मारली नव्हती, तरी ही घरं ओळीत उभी होती. चाक आणखी फिरलं. जाळीखाली उजळ कड्या आल्या, आणि प्रत्येक कडीच्या आत काळोख, आणि त्या काळोखात काहीतरी हललं. तिला वाटलं आपणच हललो. पण डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही नाही. ते रक्त आहे."

छोटे पांढरे ठिपके, एकामागून एक, वाकड्या वाटेनं धावत होते. एक आला, वळला, दिसेनासा झाला. मग दोन जोडीनं. मग क्षणभर कुणीच नाही, आणि मग पाचसहा ढकलाढकली करत. हे आत्ता चालू होतं. चित्र काढून ठेवलेलं नव्हतं. तिच्याच गालात, तिच्या अंगाला जराही न कळता, आत्ता. आणि ती सहा वर्षांची असताना चालू होतं, आणि अप्पा चहा पीत होते तेव्हा त्यांच्या त्या उरलेल्या गालातही चालूच असणार. तिला श्वास रोखून धरावासा वाटला, ते ठिपके बुजतील म्हणून. आणि मग तिचं तिलाच कळलं की तिनं तो रोखलाच आहे, कारण डॉक्टर हळूच म्हणाल्या, "घ्या, श्वास घ्या. ते थांबत नाहीत."

मग त्या डागाकडे सरकल्या. अगदी सावकाश, कणाकणानं. पुढे काही बोलायचं झालं तर त्या तिच्याशी न बोलता कातडीशीच बोलत होत्या, "चला, पुढे चला, काय आहे तिथे?" जाळी होती, जाळी होती, आणि मग नव्हती. घरं मोडून एका दिशेला ओढल्यासारखी लांबट झाली, आणि त्यांच्या खाली गोळे दिसले, घट्ट, काठाला पेशींचं कुंपण घातलेले, आणि प्रत्येकाभोवती काळी फट. त्यांच्या आसपासच्या रक्ताच्या वाटा फुगलेल्या, दुप्पट रुंद. ठिपके तिथेही तसेच धावत होते. चांगलं आणि वाईट त्यांना ठाऊक नव्हतं. जो हाक मारील त्याच्याकडे ते जात होते. तिला भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण तिच्यावर काहीतरी मोठं येऊन बसलं होतं ज्यापुढे भीतीचा आवाज लहान झाला होता. हा तो. ज्याला अप्पांच्या गालावर तिनं सहा वर्षं बॅटरीनं शोधलं तो, त्याच जातीचा, आज तिच्यासमोर तोंड उघडं टाकून बसला होता. डॉक्टर मधेच थांबून निळ्या पेननं तिच्या कातडीवर टिंब द्यायच्या आणि पुन्हा यंत्र टेकवायच्या. खालच्या बाजूला टिंब डागाला लागूनच पडलं. नाकाच्या बाजूलाही. पण वर, भुवईच्या रोखानं, त्या जातच राहिल्या. डोळ्यानं जिथे काही दिसत नव्हतं, जिथे ती रोज निर्धास्त बोट फिरवायची, तिथे खाली ते गोळे एकापुढे एक चालले होते. आणि मग डोळ्याच्या कोपऱ्याकडे एक बारीक फाटा. डॉक्टरांचं बोलणं बंद झालं. सपाता जमिनीवर घासल्याचा आवाज तेवढा आला. एक गोळा. काळी फट. आणखी एक, लहान. मग मोडकी जाळी. मग बराच वेळ यंत्र एकाच जागी.

"इथे संपतो," डॉक्टर म्हणाल्या.

पडद्यावर पुन्हा तीच घरं होती, नेटकी, ओळीत, काही झालंच नाही अशी. "नळीच्या अलीकडे दोन मिलिमीटर. मी तीनदा बघितलं. खोलवरचं या यंत्राला फार दिसत नाही, ते कापल्यावर तपासतीलच. पण बाजूला कुठवर गेलाय म्हणाल, तर इथवर."

संपतो, हा शब्द तिनं मनात उलटून पालटून पाहिला. सहा वर्षं त्या घरात कुणी तो शब्द उच्चारला नव्हता. सगळ्यांना वाटायचं, ही गोष्ट अप्पांएवढीच मोठी आहे, अप्पा संपतील तेव्हा संपेल. आणि झालंही तसंच, हृदयानं घात केला आणि ते गेले. म्हणजे अप्पांच्या त्या दुखण्यालाही कुठेतरी कड होती? रोज संध्याकाळी, बॅटरीच्या त्या पिवळ्या वर्तुळात, चामडीच्या खाली, एक ओळ होती, जिच्या पलीकडे सगळी घरं शाबूत होती?

"डॉक्टर," यंत्र बाजूला झाल्यावर तिनं विचारलं, "एखाद्याला वरून दिसलं असेल... म्हणजे मोहरीएवढा, चकाकणारा मणी, जुन्या जखमेपासून लांब. आणि त्यानं ते सांगितलं नसेल. तर?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले. हे कुणाबद्दल, असं त्यांनी विचारलं नाही. "तर थोडं लवकर कापलं असतं," त्या म्हणाल्या. "पण कुठवर कापायचं ते तेव्हा तरी कुणाला कळणार होतं? मणी दिसतो. मण्याखालचं नाही दिसत." मग टिंबं जोडून त्यांनी तिच्या चेहऱ्यावर एक सलग निळी रेघ काढली आणि आरसा दिला. मसुराएवढ्या डागाभोवती, नाकापासून भुवईपर्यंत, एका वाकड्यातिकड्या देशाचा नकाशा असावा अशी.

दुपारपर्यंत वेळ होता. ती आणि भाऊ पॅसेजमधल्या बाकावर बसली. जाणारे येणारे तिच्या चेहऱ्याकडे बघत आणि लगेच दुसरीकडे बघत. भावानं एकदा नीट बघून घेतलं. "बापरे," तो म्हणाला. "एवढं?"

"एवढंच," ती म्हणाली, आणि मग, कदाचित त्या शब्दामुळेच, थांबता आलं नाही. "मी पंधरा वर्षांची होते. अप्पांच्या केसांच्या कडेला एक मणी आला होता. मोहरीएवढा. मला दिसला होता. त्यांनी विचारलं, कुठवर गेलंय, आणि मी म्हटलं, तेवढंच आहे. चौथं ऑपरेशन त्याचंच झालं. आठ महिन्यांनी. मी आठ महिने रोज..."

भाऊ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होता. "चकाकायचा," तो म्हणाला. "डाव्या बाजूला, आडवी शीर होती त्याच्यावर."

ती बाकावर त्याच्याकडे वळली.

"मला पण विचारायचे, ताई. सकाळी, दाढी करताना. मी आरसा धरायचो ना. मी दहा वर्षांचा. काय सांगायचं ते मला कुठे ठाऊक? तू संध्याकाळी काय सांगतेस ते मी दाराआडून ऐकलं होतं. तेच सांगायचो."

"तू कधी बोलला नाहीस."

"तू तरी कुठे बोललीस?" त्यानं बंद सोडला, बोटावर पांढरा वळ राहिला. "आणि मला एक सांग. पुलावर अप्पा हातोडीनं ठोकून ठोकून आवाजावरून गंज शोधायचे. रंग फुगलाय त्याच्या वीतभर पलीकडे गंज असतो, हे आपल्याला कोणी सांगितलं? त्यांनीच ना? दिवसातून दहा वेळा हात फिरायचा त्यांचा त्या कानशिलावर. त्या माणसाला बोटांना मणी लागला नसेल?"

"मग विचारायचे कशाला?"

समोरून एक परिचारिका औषधांची ढकलगाडी घेऊन गेली, गाडीचं एक चाक नुसतंच गोल गोल फिरत होतं, आणि भावानं सवयीनं वाकून त्याच्याकडे पाहिलं. चव्वेचाळीस वर्षं ती दोघं एकाच खोलीच्या दोन दारांशी उभी होती, एक संध्याकाळच्या आणि एक सकाळच्या, आणि अप्पा मधे बसून दोघांकडून तेच एक वाक्य ऐकत होते. तिला वाटलं रडू येईल. डाव्या डोळ्यात पाणी जमलंही. पण रेघ पुसली जाईल म्हणून तिनं मान मागे टाकली आणि ते आतच जिरू दिलं.

ऑपरेशनच्या वेळी ती जागी होती. सुयांनी चेहऱ्याची ती बाजू मेल्यासारखी झाली, नंतर फक्त ओढलं जातंय, दाबलं जातंय एवढंच कळत होतं, आणि सर्जनचा श्वास, मास्कच्या आत, संथ, चांगला, शिकवलेला वाटावा असा. त्यांनी रेघेबाहेर केसभर जागा सोडून कापलं. तुकडा डबीतून शेजारच्या खोलीत तपासायला गेला. कापलेल्या जागेवर ओली पट्टी ठेवून सगळे थांबले. तास गेला असेल. ती छताच्या दिव्यातल्या सात गोल काचा मोजत होती आणि शेवटची मोजून झाली की पुन्हा पहिलीपासून. दार उघडलं तेव्हा तिनं त्या आवाजावरून काही ओळखायचा प्रयत्न केला, पण सपाता मऊ होत्या. चित्रवाल्या डॉक्टर स्वतः आल्या होत्या.

"सगळ्या कडा स्वच्छ," त्या म्हणाल्या. "खालचीसुद्धा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सर्जननी फक्त, "चला," म्हटलं आणि कपाळावरची कातडी सरकवून खड्डा बुजवायला घेतला. टाके किती पडले ते तिला कळलं नाही. शेवटी त्यांनी खुर्ची थोडी उभी केली आणि तिच्या तोंडाशी वाकले. "आता एकच राहिलं. डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी उतरायचं बारीक भोक असतं. त्यातून मी मिठाचं पाणी सोडतो. नळी शाबूत असेल तर घशाशी चव येईल. आली की सांगा."

कोपऱ्यात काहीतरी टेकलं, सुईसारखं पण बोथट. ती थांबली. काही नाही. जीभ कोरडी होती, औषधाचा कडसरपणा होता, तो आधीपासूनचा. सर्जनचा हात हलला नाही. चित्रवाल्या डॉक्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांनी छातीशी हातांची घडी घातली होती. दोन मिलिमीटर, तिला आठवलं. ओळीत उभी असलेली ती घरं आठवली, आणि वाकड्या वाटेनं धावणारे ठिपके, जे आत्ताही, या मेल्यासारख्या चेहऱ्याच्या आत, आपापल्या वाटेनं चाललेच असतील. आणि मग जिभेच्या पार मागे, गिळतो तिथे, कुणी आतून दार ढकलावं तसं काहीतरी आलं. थेंबभर. मग आणखी. समुद्रात पहिल्यांदा बुडी मारणाऱ्या पोराच्या तोंडात जातं तसं.

"खारट," ती म्हणाली.

सर्जन मास्कच्या आत हसले असावेत. डोळ्यांच्या कडा तेवढ्या आवळल्या. त्यांनी ती बोथट सुई बाहेर काढायला घेतली, आणि तिनं, एकतीस वर्षं शेकडो मुलांना फक्त हुकूमच दिलेल्या बाईनं, जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारलं, "डॉक्टर, अजून एकदा सोडाल?"